लखमाचा दिवस

देवज्या चपला घालून मांडवात आला. सगळा पाडा बघत होता. बुधा कामडी काशाची थाळी पुसत बसला होता, त्याच्या पुढ्यात तांदळाची रास, राशीवर अंडं, बाजूला ताडीची मडकी, नि हा माझा थोरला पोरगा रस्त्याची धूळ घेऊन थेट राशीपर्यंत आला.

"चपला," मी म्हटलं.

"काय?"

"पायातल्या. का त्यासुद्धा सरकारनं दिल्यात, काढता येत नाहीत?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. देवज्यानं चपला काढून मांडवाबाहेर फेकल्या. एक उताणी पडली. ती सरळ करायलाही गेला नाही, कुडाला टेकून बसला.

असाच आहे तो. वाघदेवापुढून जाताना सगळे मान वाकवतात, हा शीळ घालत जातो. नवा भात देवाला दाखवायच्या आधी ओंजळभर तोंडात टाकतो नि वर मला विचारतो, "बघ, पोट दुखलं का माझं?" सरकारच्या मलेरियाच्या कामावर आहे. घरोघर जाऊन लोकांच्या बोटांतलं रक्त काचेवर घेतो, गोळ्या देतो. पाड्यापाड्यांवर त्याला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही असं तो कुणाला सांगत नाही, ते मी सांगते.

लहानपणी तो असा नव्हता. त्याच्या बापाला भाताच्या खाचरात साप चावला, तेव्हा भगतानं त्याला अंगणात बसवून कौल बघायला दाणे टाकले, मुळ्या उगाळून पाजल्या. देवज्या तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. तो डांबरी सडकेपर्यंत धावत गेला नि एका जीपवाल्याच्या पाया पडून गाडी घेऊन आला. गाडी दारात उभी राहिली तेव्हा भगत हात धूत होता. देवज्यानं बापाकडे बघितलं, मग भगताकडे बघितलं, नि तेव्हापासून त्यानं कुणापुढे हात जोडले नाहीत. आता कुणाला साप चावला की भगताच्या आधी तो पोचतो, माणसाला उचलून गाडीत घालतो. त्यानं वाचवलेली माणसं आमच्या भागात हिंडताहेत. ती त्याचं ऐकतात, म्हणून भगत त्याच्यावर जळतात.

आणि हे बघा, अशा माणसानंच लखमाचा दिवस घालायचा हट्ट धरला होता.

दिवस म्हणजे काय ते सांगते. आमच्यात माणूस मेला की तो लगेच वाडवडिलांत जात नाही, घराभोवती घुटमळत राहतो. मग एके दिवशी मांडव घालून कामडीला बोलवायचं. तो थाळीत मेणानं काडी उभी करतो, काडीवरून बोटं ओढतो, नि भुंग्यासारखा आवाज निघतो. त्या आवाजावर तो मेलेल्याची वाट गातो. गाता गाता मेलेला कुणाच्या तरी अंगात येतो, बोलतो, राहिलेलं मागून घेतो. घरातल्या थोर बाईनं 'हा आमचाच' म्हटलं की कामडी त्याला वाडवडिलांत बसवतो. तिनं म्हटलं नाही तर काहीच झालं नाही. ती ओळख पटल्याशिवाय बायको मोकळी होत नाही.

माझा नवरा आला होता त्याच्या चुलतभावाच्या अंगात. आल्या आल्या मला शिव्या घातल्या. कुंपण मोडलंय, बांध फुटलाय, माझा कोयता कुणाला दिलास? कोयता आणून दिला तेव्हा गप्प झाला. मी तिथल्या तिथे ओळखला. जिता असताना तरी दुसरं काय बोलायचा?

लखमा माझा धाकटा. पाऊस सरला की आमच्याकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. लखमाही जायचा. तिसऱ्या खेपेला तो परत आला नाही, त्याच्या बोटीचा म्होरक्या, तांडेल, आला. लखमाची वळकटी माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाला, "आई, अंधारात जाळं ओढताना गेला पाण्यात. उजाडेपर्यंत शोधला."

"बुडताना तू बघितलास?" मी विचारलं.

"नाही, आई."

"मग बुडला कशावरून म्हणतोस?"

तो वळकटीकडे बघत राहिला. मी भगताकडे गेले. दाणे बोलले, पाण्याच्या पल्याड आहे, जिता आहे. हे काही उगाच नाही. आमच्या पलीकडल्या पाड्यातला एक जण असाच गेला होता. त्याला पल्याडच्या मुलखातल्या लोकांनी धरून तुरुंगात टाकला होता. घरचे रडून दमले, नि एक दिवस तो दाढी वाढवून दारात उभा राहिला. देवज्यानं खूप ठिकाणी विचारलं. तुरुंगातल्यांत लखमाचं नाव नाही म्हणाले.

"नाव सांगितलं नसेल त्यानं," मी म्हटलं.

"का नाही सांगणार, आये?"

"माझा पोरगा आहे. विचारलं म्हणून लगेच सांगेल का?"

लोक मला अजून विचारतात, म्हातारे, तुझं दार रात्री उघडं का? मी म्हणते, माझ्या घरात न्यायला आहे काय?

लखमाची बायको सोनकी. आमच्या घरात येऊन तिला वर्ष व्हायचं होतं तेव्हा तो गेला. त्यानंतर तीन पावसाळे ती माझ्याजवळ राहिली. लावणी, कापणी, उखळावरचं काम, कशाला नाही म्हणाली नाही. कपाळ तिला भरता येईना नि रिकामंही ठेवता येईना. लखमाचा एक निळा शर्ट मागे राहिला होता. तो कुजू नये म्हणून ती दर बाजाराच्या दिवशी धुवायची नि तारेवर वाळत घालायची. घालणारा नाही नि शर्ट धुवून धुवून विरत चाललेला.

तिचा भाऊ रावत्या दोनदा न्यायला आला. त्यांच्या पाड्यातला एक माणूस तिला मागत होता, चांगला, कामाचा. बायको मेलेली, दोन लहान पोरं. रावत्यानं ते बोलायला सुरुवात केली नि मी म्हटलं, "माझा पोरगा जिता असताना त्याची बायको दुसऱ्याला द्यायची? दुभती म्हैस आहे का ती?"

सोनकी आत कांडत होती. मुसळ थांबलं नाही. पण त्या दिवशी भात इतका कांडला की कणी झाली.

मग भातझोडणीच्या दिवसांत देवज्या खळ्यावर आला. माझ्या हातातली पेंढी घेतली, झोडता झोडता म्हणाला, "आये, लखमाचा दिवस घाल."

मी कंबर सरळ केली. "कोण बोलतंय? बापाच्या दिवसाला ताडाखाली झोपून राहिलेला तूच ना?"

"मीच."

"तुझा विश्वास नाही ना असल्यावर?"

"माझा नाही. तुझा आहे. सोनकीचा आहे, तिच्या माहेरचा आहे. मी शंभर वेळा सांगितलं तिला, जा बाई, तू मोकळी आहेस. ती म्हणते, दिवस झाला नाही, भाऊ. माझ्या बोलण्यानं ती सुटत नाही. तुझ्या कामडीच्या थाळीनंच सुटणार असेल तर वाजव थाळी."

"लखमा जिता आहे."

"आये, तो शर्ट बघितलास का? आरपार दिसतं त्यातनं."

मी दुसरी पेंढी उचलली. भात झोडत राहिले. मग म्हटलं, "ठीक आहे. घालते. पण लखमा कुणाच्या अंगात आला नाही, तर तो जिता आहे. मग पुन्हा माझ्या दारात दिवसाचं नाव काढायचं नाही, नि सोनकी इथेच राहील. कबूल?"

देवज्यानं पेंढी फेकली, दुसरी उचलली.

"कबूल," तो म्हणाला.

मी हो म्हटलं, कारण मला खात्री होती. जिता माणूस दुसऱ्याच्या अंगात येत नाही. एकदाचा दिवस घालायचा, सगळ्या पाड्यासमोर तो आला नाही हे दाखवायचं, नि सगळ्यांची तोंडं बंद करायची.

तर असा तो मांडव होता. बुधानं थाळी मांडीवर घेतली. काडीवरून बोटं ओढली नि तो आवाज निघाला. कान देऊन ऐकला तर पोटात जाऊन बसतो. बुधा म्हातारा झाला होता, पण गळा पक्का होता. त्यानं लखमाला घरातून बाहेर काढला, नदी ओलांडायला लावला, खेकड्यानं वाट दाखवली, मुंग्यांनी दाणे दिले. दर थोड्या वेळानं तो थांबायचा नि म्हणायचा, "लखमा रे, आई बसलीय, बायको बसलीय, भाऊ बसलाय. ये, बोल, ने तुझं."

ऊन अंगणातून सरकत ओट्याला लागलं. कुणी हललं नाही.

एकदा लखमाचा जोडीदार जान्या डुलायला लागला. बायका सरसावल्या. बुधानं गाणं जोरात केलं. मी जवळ जाऊन वास घेतला.

"हा लखमा नाही," मी म्हटलं. "ही ताडी आहे. उचला त्याला."

मांडव हसला. हसत नव्हती ती सोनकी. ती माझ्या समोर डोक्यावरून पदर घेऊन बसली होती, तिचे हात मांडीवर उताणे होते, कुणी काही देणार असल्यासारखे. रावत्या तिच्या मागे, पिशवी घेऊन. देवज्या कुडापाशी. तो एकदाही उठला नाही, पाणी प्यायलाही नाही.

ऊन उतरलं. बुधाचा आवाज बसला. माझ्या अंगात हळूहळू ऊब पसरायला लागली, थंडीत शेकोटीजवळ बसल्यावर पसरते तशी. माझा पोरगा जिता होता. सगळा पाडा बघत होता नि माझा पोरगा मेलेल्यांत नव्हता.

बुधानं काडी काढली, थाळी खाली ठेवली.

"दसमे," तो मला म्हणाला, "दोनदा वाट गायली. कुणी येत नाही."

"कसा येईल, बुधाबाबा? मेला असता तर आला असता." मी उठले. माझे गुडघे आखडले होते, पण मी एका झटक्यात उठले. "चला, उठा सगळे. जेवून घ्या. कोंबडी कापलीय, भात शिजलाय. माझा लखमा येईल तेव्हा पुन्हा जेवायला बोलवीन."

माणसं उठायला लागली. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. रावत्यानं पिशवी उचलली, बहिणीकडे बघितलं, पिशवी परत खाली ठेवली.

सोनकी उठली. ती रडली नाही, बोलली नाही. मांडवाच्या मागच्या बाजूला गेली, तारेपाशी. तिथे निळा शर्ट वाळत होता. तो तिनं त्या सकाळीसुद्धा धुतला होता. नवऱ्याच्या दिवसाचा मांडव दारात उभा, नि तिनं त्याचा शर्ट धुतला होता. शिवणींत अजून ओल होती. आता सावली आली म्हणून तो तिनं काढला, झटकला नि उन्हाचा तुकडा शोधत तशीच उभी राहिली.

तेवढ्यात कुडावर धाडकन काहीतरी आपटलं.

देवज्याचं डोकं होतं ते. तो कुडाला पाठ घासत खाली आला. त्याचे हात थरथरत होते, मग खांदे, मग सगळं अंग. दात करकर वाजले. मला आधी वाटलं, उन्हानं चक्कर आली. मग त्यानं तळहात जमिनीवर आपटले, एकदा, दोनदा, नि घशातून असा आवाज काढला की कुत्री अंगणातून पळाली.

"वारं," कुणीतरी म्हणालं. "देवजीच्या अंगात वारं आलं."

"देवजीच्या?"

"अरे, डॉक्टरच्या अंगात!"

बुधा म्हातारा तरण्या पोरासारखा उडी मारून थाळीपाशी गेला. मेण चिकटवायलाही थांबला नाही, काडी हातानंच धरून वाजवायला लागला. माणसं परत येऊन बसली. त्यांत अशी माणसं होती ज्यांना देवज्यानं भगताच्या अंगणातून उचलून दवाखान्यात नेलं होतं. ती आ वासून बघत होती.

"कोण आहेस?" बुधानं विचारलं.

देवज्यानं मान गरागरा फिरवली.

"कोण आहेस? नाव सांग."

"लखमा."

सोनकी शर्ट हातात घेऊन तारेपाशीच उभी होती.

"काय पाहिजे तुला, लखमा?"

"पाणी."

बायकांनी रडायला सुरुवात केली. पाण्यात मेलेला पोरगा पाणी मागतोय, म्हणाल्या. कुणीतरी तांब्या आणला. देवज्यानं तो दोन्ही हातांनी धरला, अर्धं पाणी तोंडात गेलं, अर्धं छातीवर.

बुधा माझ्याकडे वळला. "दसमे, तू ये. ओळख तूच पटवायची."

मी जाऊन त्याच्या समोर बसले. इतकी जवळ बसले की त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. त्यांतून पाणी वाहत होतं, गालावरून मिशीत जात होतं, तो ते पुसत नव्हता.

"लखमा आहेस?" मी म्हटलं.

"हो, आये."

"मग सांग. तू बोटीवर जायला निघालास, त्या पहाटे मी तुझ्या हातात काय दिलं?"

देवज्याचं थरथरणं कमी झालं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं.

"भाकर," तो म्हणाला. "भाकर दिलीस, आये. ती पाण्यात गेली. तिच्यामागं मी पण गेलो."

माझ्या मागे एक बाई मोठ्यानं रडली. बुधाच्या बोटाखालची काडी थरथरली.

"आये," देवज्या म्हणाला, आता अगदी हळू, "सोनकीला जाऊ दे. माझी वाट बघू नको म्हणावं. मी आता येत नाही."

मी मान वर करून सोनकीकडे बघितलं. दमट शर्ट तिनं छातीशी धरला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तीन पावसाळे ती माझ्या घरात होती, पण माझ्या तोंडाकडे तिनं असं कधी बघितलं नव्हतं.

"ओळख पटली का, दसमे?" बुधानं विचारलं. "सांग. सगळे ऐकताहेत."

मी देवज्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस घामानं चिकट झाले होते.

"हा आमचाच," मी म्हटलं.

बुधानं राशीतले तांदूळ उधळले, वाडवडिलांची नावं घेतली, माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, नि त्याच्या शेजारी लखमाचं नाव बसवलं. सोनकी होती तिथेच खाली बसली नि रडायला लागली. इतक्या दिवसांचं एकदम रडली. तिच्या रडण्यानं कोंबड्या मांडवावरून उडाल्या.

मग जेवणं झाली. माणसांची जीभ सैल झाली. बुधानं देवज्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "तुझ्या अंगात जबर वारं आहे रे. उगाच सुया टोचत हिंडतोस. माझ्याकडे ये, दोन पावसाळ्यांत भगत करतो तुला." सगळे हसले. जान्या ताडीच्या भरात विचारायला लागला, "डॉक्टर, वाऱ्याला गोळी कोणती देतात?" देवज्या पानावर मान खाली घालून बसला होता. त्यानं भात कालवला, पण खाल्ला नाही. त्याच्या बायकोनं पुन्हा वाढायला आणलं तर तिच्याकडेही बघितलं नाही.

दिवस मावळायच्या आत पोचायचं म्हणून रावत्या सोनकीला घेऊन निघाला. तिनं गाठोडं बांधलं, ते एवढंसं झालं. माझ्या पाया पडली.

"आत्ये, जाते."

"जा. तिकडे भात कांडताना कणी करू नको. माझं नाव घेतील."

ती हसली नि रडली, दोन्ही एकदम. मग शर्टाकडे बघून म्हणाली, "हा नेऊ का, आत्ये?"

"नाही," मी म्हटलं. "तो ठेव. मला लागेल."

आता तिला स्वतःची तीन लेकरं आहेत, नि त्या माणसाची पहिली दोन आहेत ती वेगळी. भाताच्या दिवसांत येते, माझं घर सारवून जाते. धाकट्या पोराचं नाव तिनं लखमा ठेवलंय. त्याला हाक मारताना माझ्याकडे बघत नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मांडव रिकामा झाला तेव्हा देवज्या चपला शोधत होता. एक होती, दुसरी कुत्र्यानं कुठंतरी नेली होती. एक चप्पल हातात घेऊन तो अंगणभर फिरला. मग माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. मी राशीतले तांदूळ वेचत होते.

"उद्यापासून माझं कोण ऐकणार, आये?" तो म्हणाला. "कुणाला साप चावला नि मी गाडीत घाला म्हटलं, तर म्हणतील, वारं तर तुझ्या अंगात येतं, नि आम्हाला दवाखान्यात पाठवतोस?"

"सांग त्यांना, वारंच म्हणतंय दवाखान्यात न्या."

तो हसला नाही. चपलेचा पट्टा बोटानं ओढत राहिला. तारेवर निळा शर्ट होता. वारा नव्हता, म्हणून तो हलत नव्हता.

"आये, मांडवात जे झालं ना, ते—"

"गप बस," मी म्हटलं. "मी बोलते. एकदाच बोलणार, नंतर ना तू विचारायचं, ना मी सांगायचं."

त्यानं पट्टा सोडला.

"मेलेला रडत नाही, देवज्या. तुझा बाप आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मेलेला मागतो, भांडतो, आपलं घेऊन जातो. रडलास तो तू. नि त्या पहाटे मी लखमाच्या हातात काहीसुद्धा दिलं नाही. रात्री नागलीची भाकर बांधून शिंक्यात ठेवली होती, तर तो मला न उठवताच गेला. भाकर शिंक्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी तू काचा घेऊन आलास नि भूक लागली म्हणालास, तेव्हा ती तूच खाल्लीस."

त्याच्या हातातली चप्पल खाली पडली.

"मग तू हो का म्हणालीस?"

"त्या पोरीनं आजसुद्धा शर्ट धुतला होता, म्हणून. तू देव मानत नाहीस, ते तुझं तू बघ. मी मानते. नि माझ्या मानण्यात लखमा आज आला नाही, म्हणजे तो जिता आहे. माझ्या जित्या पोराला मी आज त्याच्या मेलेल्या बापाशेजारी बसवलं, तुझ्या खोट्यावर. खोटं बोललास, चांगलं केलंस, पोर सुटली. पण मी दार उघडं ठेवणार आहे. कधी तो त्या दारात उभा राहिला, तर 'लखमा, तुझा दिवस घातलाय' हे तू सांगायचं त्याला. मी भाकर वाढीन. बोलायचं तू."